स्वेटर घातलेली घरं

पुण्यात रो-हाऊस बुक केलंय. दर शनिवारी साइटवर जाऊन बांधकाम कुठवर आलं ते बघतो. परवा बाबांनी विचारलं, "पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापणार नाही का रे?" उत्तर नव्हतं. शोधता शोधता पोचलो थेट जर्मनीत!

डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात १९९०-९१ मध्ये चार घरांची एक रांग उभी राहिली. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे प्राध्यापक बो आडामसन यांची. भिंतींवर २७.५ सेंटिमीटर थर्माकोल, खिडक्यांना तिहेरी काचा, फटी बंद, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. परिणाम? घर गरम ठेवायला लागणारी ऊर्जा तिथल्या तेव्हाच्या नेहमीच्या घरांच्या जेमतेम दहावा हिस्सा! १९९१ मध्ये फाइस्ट स्वतः कुटुंबासह तिथे राहायला गेले. म्हणजे आपला कोड आधी आपल्याच मशीनवर!

आपल्याकडे तशी थंडी नाही, पण भिंतीतून उष्णता जाण्याचा नियम तोच, फक्त दिशा उलटी. बिल्डर म्हणतो, "एसी लावा की साहेब." एसी नंतरही बसेल हो, भिंत पुन्हा कोण बांधणार? तेव्हा या शनिवारी नुसतं बघून परत येणार नाही. भांडणार आहे.