बिरड्यातलं रसायन

डॉ. कमला सोहोनींचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते घरी, वाल सोलता सोलता. आजी अलिबागकडची. वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मगच बिरडं करायचं, हा तिचा शिरस्ता. "कच्चा वाल पोटाला बाधतो," एवढंच ती सांगे. का बाधतो ते सांगायची आत्या. ती मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रसायनशास्त्र शिकलेली. आतड्यात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. कडधान्यातले काही घटक त्यालाच अडवून धरतात, शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो. "आमच्या सोहोनीबाईंनी तो घटक वालातून स्फटिकरूपात वेगळा काढला. 1955 साली 'नेचर'मध्ये छापून आलं ते!" हे सांगताना आत्याचा आवाज चढायचा.

बाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या पाठची बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या संस्थेत शिकलेले. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. बाईमाणूस म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. बाई थेट बंगळूरला गेल्या आणि दारातून हटेनात. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: एक वर्ष उमेदवारीवर राहायचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं, पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. बाईंनी अटी पाळल्या; त्यातला अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत, आणि म्हातारपणी जाहीरपणे बोलूनही दाखवला. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. आत्याच्या वसतिगृहात ही गोष्ट थोरल्या मुली धाकट्यांना सांगत, असं ती म्हणे. प्रयोग फसला, घरून लग्नाचं पत्र आलं, की कुणीतरी ती पुन्हा काढायचंच.

मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून 1936 साली बाई एम.एस्सी. झाल्या. मग केंब्रिज, जीवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं. श्वसनात ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतला तो एक दुवा. अवघ्या 40 पानांच्या प्रबंधावर 1939 साली पीएच.डी. मिळाली आणि त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि लग्नानंतर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

मुंबईत त्यांनी विद्यार्थी हाताशी धरून गरिबाच्या ताटातलं अन्न तपासायला घेतलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. तिच्यातल्या जीवनसत्त्वांचा आणि लोहाचा उपयोग कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना होतो, हे दिसून आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला असे. एवढं असून इन्स्टिट्यूटचं संचालकपद त्यांच्या वाट्याला आलं ते चार वर्षं उशिरा, अंतर्गत राजकारणामुळे. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या बाई.

निवृत्तीनंतरही त्यांची तपासणी थांबली नाही. 1966 साली मुंबईत काही बायकांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी काढली. बाई तिच्यात हिरिरीने काम करत, 1982-83 मध्ये अध्यक्षही झाल्या. 'कीमत' या मासिकातून त्या ग्राहकांसाठी लिहीत.

1998 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना दिल्लीला सन्मानाने बोलावलं. तिथे समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या. सत्कार फार उशिरा झाला, ही आत्याची खंत मलाही पटते. पण बाईंच्या नेतृत्वाचं मोजमाप मला हारतुऱ्यांत दिसत नाही. बंगळूरला त्या स्वतःसाठी अडून बसल्या आणि वाट मात्र सगळ्यांसाठी मोकळी झाली. पुढे अधिकार हाती आला तेव्हा त्यांनी तो वाल, नीरा आणि दुधाच्या कामी लावला. आजीला अनुभवाने ठाऊक असलेल्या गोष्टीचं कारण शोधणं हे प्रयोगशाळेच्या तोलामोलाचं काम आहे, हे त्यांनी मानलं आणि आपल्या विद्यार्थ्यांना मानायला शिकवलं. प्राध्यापकाने याहून मोठं काय करायचं असतं?