घरच्या गॅरेजमध्ये गाडीला ट्विन टर्बो किट बसवता येतं का? बोल्ट आवळण्याआधी हे वाचाच!

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असाल, तर हा प्रकार तुमच्या नजरेखालून गेलाच असेल. अमेरिकेतल्या एखाद्या घराचं गॅरेज, स्टँडवर उचललेली जुनी गाडी, खोक्यातून काढलेले दोन चकचकीत टर्बो आणि पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत तीच गाडी तुफान पळायला लागते. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो, "भाऊ, आपल्या गाडीला बसेल का?"

थोडक्यात उत्तर असं, की योग्य इंजिन असेल तर किट घरी बसवता येतं. पण पाने घेऊन टर्बो बसवणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं व्हिडिओत फारसं दिसत नाही आणि इंजिन फुटतं ते तिथेच. शिवाय भारतात रस्त्यावरच्या गाडीसाठी कायदा आडवा येतो तो वेगळाच. एकेक गोष्ट समजून घेऊया.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ऊर्जा असते. एरवी ती सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बो त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हे पंखे मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतात.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो. टर्बोने त्यात ७ पीएसआयची भर घातली, तर इंजिनात जवळपास दीडपट हवा जाते. म्हणजे ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन कागदावर ४५० पर्यंत पोहोचतं. उष्णता आणि इतर तुटीमुळे प्रत्यक्षात आकडा त्याहून कमी भरतो, तरी फरक मोठाच असतो.

मग दोन टर्बो कशासाठी?

व्ही६ किंवा व्ही८ इंजिनात सिलेंडरच्या दोन रांगा असतात आणि धूर दोन बाजूंनी बाहेर येतो. प्रत्येक बाजूला एक छोटा टर्बो लावला की पाइपांची गुंतागुंत कमी होते. छोटा पंखा हलका असल्याने लवकर वेगही घेतो. १९८१ साली आलेल्या मासेराटी बायटर्बोच्या व्ही६ इंजिनात अशीच जोडी होती.

दुसरी पद्धत आगेमागे चालणाऱ्या टर्बोंची. इंजिनचा वेग कमी असताना एकच टर्बो काम करतो, वेग वाढला की दुसरा सोबत येतो. १९९३ च्या टोयोटा सुप्राचं ३ लिटरचं इंजिन असंच होतं. गंमत म्हणजे याच सुप्राची ताकद खूप वाढवायची असेल, तर अनेक जण कंपनीचे दोन्ही टर्बो काढून एकच मोठा टर्बो लावतात. त्यामुळे दोन टर्बो म्हणजे नेहमीच जास्त ताकद, असं नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. "ट्विन स्क्रोल" म्हणजे ट्विन टर्बो नव्हे. त्यात टर्बो एकच असतो, फक्त धूर आत यायला दोन वाटा असतात.

आपल्याकडच्या १ किंवा १.२ लिटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनाला दोन टर्बो जोडण्यात तर काहीच हशील नाही. तेवढ्या धुरात एक छोटा टर्बो पुरेसा असतो.

अमेरिकेत हे घरी कसं जमतं?

तिथे जनरल मोटर्सची एलएस जातीची व्ही८ इंजिनं भंगारवाड्यात सहज मिळतात. विशेषतः जुन्या पिकअप ट्रकमधलं लोखंडी ब्लॉकचं ५.३ लिटर इंजिन हौशी मंडळींचं आवडतं आहे. इंजिन दणकट, सुटे भाग मुबलक, टर्बो लावण्याचा अनुभव असलेले लोक हजारो आणि फुटलं तर दुसरं आणता येतं. आपल्या रोजच्या गाडीवर असा प्रयोग करणाऱ्याला ही शेवटची सोय नसते.

किटमध्ये काय काय असतं?

दोन टर्बो, ते बसवायचे मॅनिफोल्ड, हवेचे पाइप, इंटरकूलर, जादा दाब सोडून देणारे वेस्टगेट, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि ऑइलच्या नळ्या. अनेक स्वस्त किटमध्ये एवढंच असतं. मोठे इंजेक्टर, ताकदीचा फ्युएल पंप, जादा दाब मोजू शकणारा सेन्सर आणि ईसीयूचं ट्यूनिंग यांचा खर्च वेगळा. किटची किंमत बघून बजेट आखणाऱ्याचं गणित इथेच कोलमडतं.

काम कोणत्या क्रमाने होतं?

१. आधी इंजिनची तब्येत बघतात. प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजतात. एक सिलेंडर जरी कमजोर निघाला, तरी टर्बोचा विचार तिथेच थांबवायला हवा.

२. गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवतात. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नसतं. जॅक सरकला तर माणूस जागच्या जागी चिरडतो. बॅटरीची वायरही सुरुवातीलाच काढतात.

३. जुने मॅनिफोल्ड काढून नवे बसवतात आणि त्यावर टर्बो चढवतात. धुराचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं. म्हणून जवळची वायर, ब्रेकची नळी आणि पेट्रोलची लाइन दूर घेऊन त्यावर उष्णतारोधक आवरण घालतात. इथे आळस केला, तर गाडी पेट घेऊ शकते.

४. टर्बोला इंजिनचंच ऑइल लागतं. ऑइल दाबाने आत जातं, पण परत चेंबरमध्ये आपल्या वजनाने उतरतं. त्यामुळे परतीची नळी जाड आणि सतत उताराची हवी. ती मध्ये वर उचलली गेली की ऑइल तुंबतं, सीलमधून गळतं आणि गाडी निळा धूर ओकते. मग टर्बो खराब निघाला म्हणून विक्रेत्याच्या नावाने ओरड होते, दोष मात्र नळीचा असतो.

५. पुढे इंटरकूलर बसवतात. ३० अंशांची हवा ७ पीएसआयने दाबली की ती ८० अंशांच्या आसपास तापते. गरम हवा इंजिनाला घातक, म्हणून ती थंड करूनच आत सोडतात.

६. स्पार्क प्लग जास्त थंड प्रकारचे लावतात आणि त्यांची फट कमी करतात. नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते.

७. पहिल्यांदा चालू करताना इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून नुसता स्टार्टर मारतात. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचलं याची खात्री झाली की मगच इंजिन सुरू करतात. कोरडा टर्बो काही सेकंदांत बेअरिंग खातो.

खरी परीक्षा ट्यूनिंगची

हवा दीडपट झाली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवं. साध्या चालीत १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. टर्बोचा पूर्ण दाब असताना हे प्रमाण १२ भागांच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवतात, म्हणजे पेट्रोल जास्त. सोबत स्पार्कची वेळही मागे घ्यावी लागते.

हे जमलं नाही तर पेट्रोल चुकीच्या क्षणी भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर जणू हातोडे बसू लागतात. रिंगमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जातं, कधी पिस्टनला भोकही पडतं. फुल थ्रॉटलवर एवढं व्हायला काही सेकंद पुरतात.

म्हणूनच जाणकार लोक दाब अगदी कमी ठेवून सुरुवात करतात. वाइडबँड सेन्सर लावतात आणि डायनोवर एकेक टप्पा तपासत वर जातात. ५.३ लिटरच्या इंजिनात बरेच जण पिस्टन रिंगच्या टोकांमधली फट आधीच घासून वाढवून घेतात. जादा उष्णतेने रिंग फुगते. टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टन तुटतो.

ताकद वाढली की क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर यांच्यावरचा भारही वाढतो. ४५० हॉर्सपॉवरची गाडी ३०० च्या ब्रेकवर थांबवायची, हा विचार आधी करायला हवा.

भारतात कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठीचे बदल परवानगीने होतात. हौसेखातर बसवलेलं टर्बो किट त्यात येत नाही.

असा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. अपघात झाला, तर न कळवलेल्या बदलाचं कारण देऊन विमा कंपनी दावा नाकारू शकते. समोरच्याचा जीव गेला असेल, तर ही बाब फार महागात पडते.

अमेरिकेतही सगळं मोकळं नाही. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत छेडछाड करायला तिथल्या क्लीन एअर अॅक्टची मनाई आहे. कॅलिफोर्नियात तर रस्त्यावरच्या गाडीसाठी मंजुरी क्रमांक असलेलंच किट चालतं.

मग हौस भागवायची कशी?

टर्बोची मजा हवी असेल, तर कंपनीतूनच टर्बो बसवून आलेली गाडी घ्या. आज आपल्या बाजारात अशा पेट्रोल गाड्या भरपूर आहेत आणि त्यांचं इंजिन त्या दाबासाठीच बनवलेलं असतं. स्वतः हात काळे करायचे असतील, तर फक्त ट्रॅकवर चालणारी वेगळी गाडी आणि अनुभवी ट्यूनर, हाच मार्ग आहे. कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ रेसट्रॅक आहेत. आपल्या लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत.

आणि कुणी दोन दिवसांत घरीच किट बसवून देतो म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारा, "ट्यूनिंग कोण करणार आणि कुठल्या डायनोवर?" उत्तर देताना तो अडखळला, तर गाडीची चावी खिशातच राहू द्या.