कागदी लिंबाचा बाप

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात महाळुंग आहे. जाड, खडबडीत सालीचं, आत गर नावापुरताच असलेलं हे फळ आता बाजारात क्वचितच दिसतं. आपल्या पानाच्या डाव्या बाजूला असते ती कागदी लिंबाची फोड, पातळ सालीची आणि रसाळ. या दोघांचं नातं बापलेकाचं आहे.

ते उलगडायला फार काळ लागला, कारण लिंबू-संत्र्याच्या कुळात कुणाचाही कुणाशी संकर होतो. पानं, फुलं, फळं बघून अमेरिकेच्या स्विंगल यांनी या कुळात 16 जाती मोजल्या. जपानच्या तानाका यांनी 162! 1970च्या दशकात काही अभ्यासकांनी मांडलं, की लागवडीतल्या अस्सल जाती तीनच असाव्यात : महाळुंग, पपनस आणि संत्रं. बाकी सगळी यांची लेकरं-नातवंडं. याची खातरजमा आधी विकरांवरून आणि 1990नंतर थेट डीएनएवरून होऊ लागली.

कोवळं पान खलून त्यातला डीएनए काढतात. त्यातल्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती करतात आणि खळीसारख्या पातळ थरातून विजेच्या ओढीनं त्या पुढे सरकू देतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात, आणि अतिनील दिव्याखाली पट्ट्या उजळतात. लेकराची प्रत्येक पट्टी आईकडे नाहीतर बापाकडे सापडायला हवी. हरितलवकातला डीएनए तर या झाडांत आईकडूनच येतो, म्हणून आई कोण आणि बाप कोण हेही ठरवता येतं. मला या पद्धतीतलं हेच सर्वांत देखणं वाटतं.

2000 साली इटलीतल्या निकोलोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणा जुळवल्या. कागदी लिंबाची आई निघाली मायक्रांथा, फिलिपिन्समधली बारीक फळांची रानटी जात, बाप महाळुंग. युरोपातल्या पिवळ्या लिंबाची आई आंबट नारिंग, बाप पुन्हा महाळुंगच. ज्याला आपण बाजारातून जवळपास हद्दपार केलं, त्याचं रक्त असं घरोघरी आहे. महाळुंगाची उरलेली झाडं तोडताना हे आठवायला हवं.

विदर्भात संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरतात. ती जंबेरीही संत्र्याच्या गोतातली आई आणि महाळुंग बाप यांचीच. तिच्या एका बीतून बहुधा दोन-तीन कोंब फुटतात. त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींतून उगवलेले, हुबेहूब आईसारखे असतात. एखादाच खरा संकराचा. सारखी वाढणारी बाग हवी असेल तर तो वेगळा कोंब रोपवाटिकेतच काढावा लागतो. वाफ्यात सगळी रोपं सारखीच हिरवी दिसतात, नजर फसते. एका पानाच्या तुकड्यातल्या पट्ट्या मात्र तो नेमका दाखवतात.