‘तो मेलेला नाही’ची कुळकथा

रहस्यमालिकेत एखादे पात्र दरीत कोसळले आणि प्रेत दाखवले नाही, की प्रेक्षक खात्रीने सांगतात : तो मेलेला नाही. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात संपवले, पण देह सापडू दिला नाही. १९०३ मध्ये त्याला परत आणले ते याच फटीतून. मराठी मुलखात हा तर्क त्याहून शंभरेक वर्षे जुना आहे, आणि त्याची मोठी परीक्षा झाली ती माथेरानच्या आग्नेयेला, उल्हास खोऱ्यापलीकडच्या राजमाचीपाशी.

१४ जानेवारी १७६१ला पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले. त्यांचा देह अनेकांनी पाहिला. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ मात्र रणधुमाळीत दिसेनासे झाले. पुढे शीर नसलेले एक धड खुणांवरून त्यांचे ठरवून अग्निसंस्कार झाला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. ही वेडी आशा म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. पुरावा खरोखरच अपुरा होता. त्याच शंकेच्या जागेत सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला आणि कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीचे अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडवून त्याचा पक्ष घेतला. कोकणातले किल्ले भराभर हाती आले आणि फौज बोरघाट चढून राजमाचीपर्यंत पोचली.

हे निव्वळ राजकारण होते, पुण्याचा कारभार चालवणाऱ्या बारभाईंवर रुष्ट असलेल्यांना एक धनी हवा होता, असे कोणी म्हणेल. हवा होता, हे खरेच. पण मग पंधरा वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या माणसाचेच नाव का घ्यावे लागले? शिपायांच्या मनात ती शंका जिवंत नसती, तर ते नाव कामाचेच नव्हते. मालिकेचा प्रेक्षक खेळ म्हणून तर्क करतो, पानिपतावर लढलेल्यांच्या घरांनी माणसे गमावली होती, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुःखाची तुलना होणारच नाही. तर्काची पायरी मात्र तीच : मरण पाहिलेला साक्षीदार नाही, आणि गोष्ट अर्धी राहिली आहे.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाचा मोड केला. तो कुलाब्याकडे पळाला, राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. रोहतकजवळच्या सांघी गावात मात्र भाऊ रणातून वाचून तिथे साधू होऊन राहिले, असे आजही मानतात.