सच्छिद्र पदार्थांच्या स्थितिस्थापकतेचे संगणकीय प्रतिमान

सिरॅमिक, वालुकाश्म, हाड, धातूचा फेस अशा पदार्थांतील पोकळ्यांची रचना संगणकात उभी करून त्यांचे स्थितिस्थापक गुणांक गणिताने काढण्याची पद्धत. पोकळ्या वाढल्या की पदार्थ मऊ पडतो हे उघड आहे. किती मऊ पडतो, ते मात्र सच्छिद्रतेच्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. हाशिन व श्ट्रिकमन यांनी १९६३ मध्ये मिश्र पदार्थांच्या गुणांकांना वरची व खालची मर्यादा घालून दिली. पण पोकळीचा कडकपणा शून्य, त्यामुळे सच्छिद्र पदार्थांत खालची मर्यादा शून्यावर येते आणि हाती फक्त वरची उरते.

खरा फरक पोकळ्यांच्या मांडणीचा. पावात घन भाग सलग असतो, पोकळ्या त्यात विखुरलेल्या. बुंदीच्या लाडवात कळ्या एकमेकींना चिकटलेल्या, पोकळी त्यांच्या फटींत. रॉबर्ट्स व गार्बोत्सी यांनी २००० मध्ये सिरॅमिकसाठी तपासलेल्या प्रतिमानांत हे दोन्ही प्रकार आहेत. एकमेकांत शिरणाऱ्या गोल पोकळ्यांचे प्रमाण सुमारे ९७ टक्के झाले तरच घन भागाची सलगता तुटते; एकमेकांत शिरणाऱ्या घन गोळ्यांची मात्र पोकळी सुमारे ७१ टक्के झाली की लगेच.

गणनेसाठी पदार्थाचे सूक्ष्म घनाकृती ठोकळे पाडतात. प्रत्येक ठोकळा भरीव किंवा पोकळ. ठरावीक सरासरी विकृती लादून स्थितिस्थापक ऊर्जा किमान होईल अशी विस्थापने शोधली, की सरासरी प्रतिबलावरून गुणांक मिळतात. प्रत्येक बाजूला १०० ठोकळे घेतले तरी अज्ञात राशी सुमारे ३० लाख होतात. गार्बोत्सी व डे यांनी १९९५ मध्ये यासाठी परिमित घटक पद्धतीचा आराखडा मांडला. मूलिनेक व स्युके यांची फूरिए रूपांतरावरची पद्धतही त्याच दशकातली.

रचना कल्पित असायलाच हवी असे नाही. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो वालुकाश्माच्या क्ष-किरण त्रिमितीय प्रतिमांवरून आर्न्स व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये थेट गुणांक काढले. या खडकात खनिज जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ असल्याने तो कसोटीला फार सोयीचा. कणांच्या सांध्यांमधील बारीक भेगा मात्र ठोकळ्याहून अरुंद असतात. त्या प्रतिमेत उतरत नाहीत, म्हणून गणिताने आलेला खडक प्रयोगशाळेतल्या खडकापेक्षा बहुधा अधिक कडक निघतो.