कुकर न लावता शिट्टी

परवा फुलंब्रीला मावशीकडे गेलो होतो. शिट्टी ऐकून मावशी गॅसकडे धावली, तर कुकर अजून चढवलेलाच नव्हता! बाहेर तारेवर साळुंकी बसली होती.

शहरी गोंगाटाने पक्षी बिघडले असं म्हणतात. मला ते पटत नाही. खोड फार जुनी आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-साळुंकीला बोलायला शिकवणं ही एक कला आहे. अमरुशतकात तर घरचा पोपट नवरा-बायकोचं रात्रीचं बोलणं सकाळी वडीलधाऱ्यांसमोर सुरू करतो, आणि लाजलेली सून कानातलं माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीपुढे धरते. (काय सुचलं बाईला!) तेव्हा पक्षी घरात असायचे, म्हणून माणसांचे शब्द उचलायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपले देशी पोपट पाळणं बेकायदा झालं. तारेवरच्या साळुंकीला मात्र कुकर आणि हॉर्नच जास्त ऐकू येतात.

मावशीकडेही पूर्वी पोपट होता. आजी गेल्यावर तो कितीतरी दिवस आजीच्याच आवाजात मावशीला हाका मारायचा. शेवटी तिने पिंजरा शेजारी देऊन टाकला. हे तिने मला परवा पहिल्यांदाच सांगितलं, कुकर लावता लावता.