लेसर केशनिर्मूलन व्यवसायाचे नियमन (टेक्सास)

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सौंदर्यासाठी लेसरने नको असलेले केस काढणाऱ्या व्यक्तींना व केंद्रांना राज्यशासनाचे प्रमाणपत्र व परवाना बंधनकारक करणारी कायदेशीर व्यवस्था.

लेसरचा (पहा : लेसर) प्रकाश केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते व त्या उष्णतेने केशमूल निकामी होते. गडद त्वचेतही मेलॅनिन भरपूर असल्याने चुकीच्या मात्रेने त्वचा भाजते, डाग पडतात, नियमनाची गरज मुख्यतः यातून येते (पहा : त्वचा, मेलॅनिन). उपकरणांना परवानगी देणे हे संघराज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे काम, तर ती कोणी वापरावीत हे प्रत्येक राज्य ठरवते. त्यामुळे राज्याराज्यांत नियम बरेच वेगळे आहेत.

टेक्सासने २००९ मध्ये आरोग्य व सुरक्षा संहितेच्या ४०१ व्या प्रकरणात यासाठी तरतुदी केल्या. प्रमाणपत्राच्या चार पायऱ्या आहेत : प्रशिक्षणार्थी, तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ व व्यावसायिक. प्रशिक्षणार्थीला किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागते. तंत्रज्ञ होण्यासाठी देखरेखीखाली किमान १०० उपचार केलेले असावे लागतात. केंद्राला स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो आणि सल्लागार डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. डॉक्टर व त्यांच्या अधिकाराखाली काम करणारे कर्मचारी मात्र या तरतुदींतून वगळलेले आहेत. व्यवस्थेची ही मोठी मर्यादा होय.

आरंभी अंमलबजावणी राज्य आरोग्य सेवा विभागाकडे होती. २०१७ मध्ये ती टेक्सास परवाना व नियमन विभागाकडे गेली (पहा : व्यवसाय परवाना).